कोपरापर्यंतचं माप

सुतारबाबा हत्यार निवडायला आले की दुकानदार आधी चहा मागवायचा, कारण तासाभराची निश्चिंती असायची. आज बाबांबरोबर त्यांची सूनही होती.

महिन्यापूर्वी परसात फांद्या तोडताना बाबांचा हात थरथरला, घाव चुकला आणि छोट्या कुऱ्हाडीचं पातं बुटाच्या टोकात घुसलं. बोटं वाचली ती नशिबानं. त्यांनी तो बूट लाकडांच्या ढिगामागे दडवला. तिला तो दुसऱ्याच दिवशी सापडला, आणि बघून तिनं तो पुन्हा होता तिथंच ठेवला. नवऱ्याच्या कानावर घातलं असतं तर त्यानं कुऱ्हाडच फेकून दिली असती. पण चाळीस वर्षं रंधा आणि करवत चालवलेल्या माणसाचे हात रिकामे केले तर तो किती दिवस तग धरेल? सासरे असले तरी माहेरी कुणी लावला नव्हता इतका जीव त्यांनी तिला लावला होता. जुन्या कुऱ्हाडीचा दांडा चिरला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, तोच बाबा म्हणाले, नवी घेऊ, तूही चल.

आज सांगायचंच, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. दुकानात शिरल्यावर मात्र ती बाबांच्या हातात एकेक कुऱ्हाड देत राहिली.

पहिल्या कुऱ्हाडीच्या दांड्याला लाल रंग होता. बाबांनी नाक मुरडलं. रंगाखाली काय काय झाकतात ते सुताराला विचारावं, म्हणाले. दुसरीच्या दांड्यात लाकडाच्या रेघा आडव्या गेल्या होत्या, ती चौथ्या घावाला मोडली असती. तिसरीची पाचर ढिली निघाली. एवढं पारखून कुणी जावईही करत नाही, असं दुकानदार पुटपुटला. त्यावर बाबांनी सांगून टाकलं की सून तर त्यांनी न पारखताच केली होती, आणि आयुष्यात तेवढं एकच काम डोळे मिटून केलं तरी सरळ उतरलं. सून लाजली. सांगणं आता आणखीच अवघड झालं.

पाचवी त्यांच्या मनात भरली. हलकी, आखूड, रेघा टोकापर्यंत सरळ. आता शेवटची परीक्षा उरली होती. पातं तळहातात धरायचं, दांडा हाताला लावायचा, टोक कोपरापर्यंत पोचलं की माप जमलं. बाबांचा हा नियम घरात सगळ्यांना पाठ होता. माप जमलं की कुऱ्हाड घरी येणार, आणि पुढचा घाव कुठं बसेल कुणास ठाऊक.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग की. आधी हात पुढे कर."

त्यांनी तिचा तळहात उलगडला, पातं त्यात ठेवलं आणि दांडा तिच्या हातालगत धरला. त्यांची बोटं थरथरत होती. टोक तिच्या कोपराला बरोबर टेकलं.

"हे तर माझं माप झालं."

"मग? फोडणार कोण? मी हल्ली बूट फोडतो, ते तुला माहीत आहे. बूट परत ठेवलास खरा, पण टोक भिंतीकडे करून. मी बाहेरच्या बाजूला ठेवलं होतं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. इतके दिवस दोघंही एकमेकांना जपत गप्प बसले होते.

दुपारी बाबा परसात बादली उलटी घालून बसले. चाळीस वर्षं हात चालवले, आता तोंड चालवतो, म्हणाले. पाय मागे घे, मनगट सैल सोड, घाई कसली आहे, असं त्यांचं सुरू झालं. तिचा पहिला घाव ओंडक्याला चाटून गेला. दुसऱ्या घावाला ओंडका फुटला.

बाबांनी एक तुकडा उचलून डोळ्यासमोर धरला. कड चांगली बोटभर वाकडी गेली होती. उभ्या जन्मात कुणाची वाकडी कड न सोडलेला तो माणूस म्हणाला, "सरळ फुटलंय, पोरी."