सातव्याचं नाव

ओळीनं सातवा मुलगा झाला की त्याचं नाव डॉक्टर ठेवायचं, हे हॉर्स्टन गावात कोणाला सांगावं लागत नसे. यॉर्कशरच्या माळावरची ही विणकरांची वस्ती, आणि पोरांना भारदस्त नावं ठेवायची त्यांना भारी हौस. लोकर विंचरणाऱ्या एकाचं नाव होतं स्क्वायर, म्हणजे गावचा जमीनदार, आणि त्याच्याकडे स्वतःची कोंबडीसुद्धा नव्हती. मेजर नावाचा गडी बंदुकीचा आवाज आला की पलंगाखाली शिरायचा. ती नावं नुसती मिरवायची. डॉक्टर हे नाव मात्र आईला कमवावं लागे. सात मुलगे, मध्ये एकही मुलगी नको. अशा सातव्याच्या हाताला उपजत गुण असतो, म्हणून ते नाव.

डॉक्टर बॅराक्लफ असा सातवा. दिवसभर मागावर बसायचा आणि पहाटे उपाशीपोटी, दाराशी आलेल्या पोरांच्या गाठींवरून, चामखिळींवरून हात फिरवायचा. पैसे घ्यायचे नाहीत आणि कोणी आभारही मानायचे नाहीत, नाहीतर हाताचा गुण जातो. त्यानं लग्न केलं नव्हतं. आई टॅबिथा गेली, भाऊ पांगले, आता घरात तो आणि सगळ्या भावंडांत थोरली बहीण थर्झा, एवढीच माणसं.

त्या दिवशी उजाडता उजाडता शेजारची केझाया धापा टाकत आली. "डॉक्टरभाऊ, चल रे लवकर! माझ्या पोराला, एलीला श्वास घेता येईना!"

"पाटीवाल्याला बोलावलंस का?" थर्झानं चुलीपासून विचारलं. खाली दरीतल्या शहरात दारावर पितळी पाटी लावलेला शिकलेला डॉक्टर होता, त्याला सगळे पाटीवालाच म्हणत.

"त्या मेल्याचं नाव काढू नकोस! गेल्या हिवाळ्यात माझी लेक त्याच्याच औषधाच्या बाटल्या पिऊन गेली. माझ्या एलीला तुझ्या भावाचाच हात लागणार." आणि ती आली तशी पळाली.

डॉक्टरनं कोट चढवला. बघतो तर थर्झा दारात आडवी.

"काल संध्याकाळी मी त्या पोराचा घसा पाहिला," ती म्हणाली. "आत पांढरा पापुद्रा धरलाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझा. हे हात फिरवून जायचं नाही रे. तू सरळ खाली जा आणि पाटीवाल्याला घेऊन ये."

"मग आजवर मी काय झक मारत होतो? बाजूला हो, ताई. मी सातवा आहे."

"नाहीयेस."

तो हसला. सकाळी सकाळी ही काय थट्टा! "मोज की. सहा थोरले आणि मी."

"आईला मुलगे सहाच झाले."

थर्झा तशी थट्टा करणाऱ्यातली नव्हती. डॉक्टरच्या तोंडचं हसू तिथंच वाळलं. "मग मी कोणाचा?"

तिनं ओले हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. "माझा."

डॉक्टर मटकन बाकावर बसला. कानात गिरणीचा भोंगा वाजावा तसं झालं. ती बोलत होती आणि त्याला अर्धंच ऐकू येत होतं. लग्न न होताच तिला दिवस गेले होते. आईनं तिला घरात कोंडून ठेवलं आणि स्वतः पोटाला उशी बांधून दर रविवारी देवळात सगळ्यांच्या पुढे बसली. बारशाला पाद्रीबुवांनी नाव विचारलं तेव्हा अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, डॉक्टर! अहो, ज्याचं नावच डॉक्टर, तो सातवा नाही असं कोणाची छाती होती म्हणायची? तिथून पुढे कोणी बोटं मोजलीच नाहीत.

"आणि ती पोरं?" डॉक्टर ओरडला. "ज्यांना मी हात लावला ती पोरं, ताई?" स्वतःच्याच हातांची त्याला भीती वाटली.

"गाठी होत्या, चामखिळी होत्या. असा घसा घेऊन कोणी कधी आलं नव्हतं. म्हणून गप्प बसले, चुकलेच मी. पण आता चल, माझ्या राजा. केझाया पाटीवाल्याला दारात उभं करणार नाही, आधी तिच्याकडे चल."

केझायाच्या घरात बायका दाटल्या होत्या. एलीची मान सुजली होती आणि एकेका श्वासाला छाती आत ओढली जात होती. केझायानं डॉक्टरचा हात धरून पोराच्या गळ्याकडे ओढला. त्यानं झटक्यानं मागे घेतला.

"पाटीवाल्याला बोलाव, केझाया."

"का? तुझ्या हाताला काय धाड भरली?"

चटकन एक सबब जिभेवर आली. आज पोटात काही गेलंय म्हणावं, झालं. पण मग ही बाई उद्याची पहाट धरून बसली असती, आणि उद्या कुठला एली? त्यानं थर्झाकडे पाहिलं. ती उंबऱ्यात उभी होती. तिनं डोक्यावरची शाल खांद्यावर ओढली, तोंड सगळ्यांना नीट दिसेल अशी, आणि मानेनंच हो म्हणाली.

"मी सातवा नाही," तो म्हणाला. "मी थर्झाचा पोरगा आहे."

एका बाईच्या हातातला तांब्या खाली पडला. केझाया वेड्यासारखी एकदा त्याच्याकडे, एकदा थर्झाकडे बघत राहिली.

"माझा पहिला," थर्झा म्हणाली. "आणि एकुलता. आता तरी त्याला जाऊ दे गं."

"अरे मग उभा काय राहिलास!" केझाया किंचाळली. "पळ! आण त्या मेल्याला!"

डॉक्टर जो सुटला तो उतारावरून तसाच, टोपीही न घेता. पाटीवाल्यानं येऊन एलीच्या घशात नळी बसवली, आणि पोरगं वाचलं. त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. कोणी थर्झाकडे पाठ केली, कोणी पाद्रीबुवांना जाऊन विचारलं की आता या माणसाला हाक काय मारायची. दाराशी पोरं घेऊन येणारी माणसं बंद झाली.

एका सकाळी केझाया आली. हातात फडक्यात बांधलेली ओटची भाकरी. डॉक्टर मागावर होता, थर्झा सूत गुंडाळत होती.

"इतकी वर्षं तुला तोंडावर काही म्हणता येत नव्हतं," केझाया म्हणाली. "आता तुझे आभार मानले तर चालतात ना रे? काही जायचं नाही ना आता?"

त्यानं माग थांबवला.

"काही नाही जायचं," तो म्हणाला. "पण माझे नको. आईचे मान."