एकाच फळीची दोन पानं

मी एक जुनी ठवणी आहे. मित्रांनो, वाचताना जिच्यावर पोथी उघडून ठेवतात, ती लाकडी बैठक म्हणजे मी. तेरजवळच्या आमच्या गावात बंडप्पा सुतारानं मला सागाच्या एकाच फळीतून कोरलं. माझी दोन पानं एकमेकांत अडकलेली आहेत. मोडल्याशिवाय ती वेगळी होत नाहीत.

दर श्रावणात दुपारी महादेवाच्या देवळात गुरुलिंग पोथी वाचायचा आणि त्याचा जिवलग मल्लिनाथ अर्थ सांगायचा.

"एकाला डोळं, एकाला जीभ. दोघं मिळून एक माणूस व्हतोय बगा!" म्हणून पोथी ऐकायला येणारी नागूबाई हसायची.

गावची रीत अशी, की ज्यानं पोथी लावली, म्हणजे पहिली ओवी वाचली, त्यानंच शेवटची ओवी वाचून ती उतरवायची; मधले अध्याय कुणीही वाचले तरी चालत.

१९४८ साली मल्लिनाथ निजाम सरकारचा पोलीस पाटील होता. गुरुलिंगनं पोथी लावली आणि चार दिवसांत तो सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीत गेला. श्रावणाच्या शेवटच्या दुपारी तो पोथी उतरवायला येणार, हे मल्लिनाथला ठाऊक होतं.

तो आला. भीतीनं गाव घरात होतं, देवळात दोघंच. अध्याय होता मित्राच्या मिठाला जागून अन्यायाच्या बाजूनं लढलेल्या वीराचा. एक ओवी उरली, तेव्हा मल्लिनाथ म्हणाला,

"गुरुलिंगा, ऊठ. मागच्या दारानं जा. पोलीस आलेत."

"तूच सांगितलंस?"

"सरकारचं मीठ खातो मी. तुझं नाव तेवढं न्हाय घेतलं."

"आन् नदीवर थांबलेला माझा साथी बब्रुवान? त्याचं?"

"त्याचं घेतलं."

गुरुलिंग धावला. थोड्या वेळानं नदीकडून गोळीचा आवाज आला. एकच.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. लोकांनी मल्लिनाथला देवळात आणलं.

"ह्यो निजामाचा माणूस! गावात ठिवायचा का न्हाय, तुमीच सांगा, गुरुलिंगअप्पा."

'ह्यानं माझा जीव वाचवला' एवढं गुरुलिंग म्हणाला असता, तरी गावानं ऐकलं असतं. पण समोर त्या गोळीनं गेलेल्या बब्रुवानची आई हरणाबाई उभी होती. गुरुलिंग माझ्याकडं वळला.

"एक ओवी राहिलीय रं," मल्लिनाथ म्हणाला. "ती तरी वाच."

गुरुलिंगनं पोथी मिटली, मला मिटलं आणि कोनाड्यात ठेवलं. मल्लिनाथ आळंदला निघून गेला. दोघं पुन्हा माझ्यासमोर बसले नाहीत. आता दोघंही नाहीत.

श्रावणात मुलं मला तेल लावतात. हात लागलेला कळतो, पण वाटत काहीच नाही. मित्रांनो, लाकूड जपायला तेल पुरतं. तेल लावून झालं, की एकानं ती उरलेली ओवी वाचावी आणि दुसऱ्यानं शेजारी बसून अर्थ सांगावा. चुकला तरी चालेल.