सीडीतला मृदंग

मित्रांनो, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी मला पाहून नवखा माणूस हात जोडतो. पण मी देव नाही. संगणकावरच्या एका खेळाची मी जुनी सीडी आहे. ‘रेषेचं रान’ हे माझं नाव.

कंदील घेतलेलं अस्वलाचं पिल्लू या रानात वाट चुकलेलं असतं. नद्या, दऱ्या, भिंती पार करून ते घरी पोचवायचं, तेही चित्रं काढून. माउसने रेघ ओढली की तिचा पूल होतो. गोल काढला की धोंडा होऊन गडगडतो. काढाल ते खरं होतं, एवढीच माझी जादू.

दोन हजार सहा साली ज्योत्स्नाने मला वर्ध्याहून देवळीला आणलं, ते आपल्या बाबांसाठी. रूपराव किराणा दुकान सांभाळून कीर्तनात मृदंगाची साथ करत. बुवांनी निरूपण आवरून चाल धरली, की त्यांची थाप अशी काही पडायची की पेंगणारी माणसंही टाळ्यांनी ठेका धरायची, असं सारं गाव सांगतं. त्या माणसाच्या उजव्या हाताला लकवा मारला. हात चालता ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रबरी चेंडू दाबून दाबून ते कंटाळले. मग मी आले.

त्यांची पहिली रेघ अशी थरथरली, की पुलाला उंचवटेच उंचवटे! पिल्लू अडखळून खाली. पुन्हा रेघ, पुन्हा खाली.

“अवो, त्या लेकराले किती डाव पाडता!” त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई पोळी लाटता लाटता स्वयंपाकघरातून ओरडल्या.

“मंग ये ना, तू धर त्याचं बोट!”

“माह्या हाताले कणीक हाय. तुमीच काढा त्याले. चैतात बुवाच्या मांगं बसाचं हाय ना तुमाले?”

चैत्रातल्या सप्ताहात मृदंग वाजवायचा, एवढा एकच ध्यास त्या घराला लागला होता. महिनाभरात रेघ सरळ झाली. शेवटच्या दरीवर मात्र कुठलाच पूल पुरेना. तेव्हा रूपरावांनी सावकाश, दात आवळून, चक्क मृदंग काढला. तो धपकन दरीत पडला आणि दोन्ही कड्यांमध्ये घट्ट अडकून बसला. पिल्लू त्याच्यावरून टुणटुणत पार गेलं. मित्रांनो, त्या दिवशी रूपराव लहान मुलासारखे रडले. कणकेच्या हातांनी सुलोचनाबाई पडद्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि चुलीवरची पोळी करपली.

फाल्गुनात दुसरा झटका आला आणि रूपराव गेले. सप्ताह त्यांच्याशिवाय झाला.

पुढे लवकरच ज्योत्स्नाचं लग्न झालं. सासरी हिंगणघाटला जाताना ती आईला म्हणाली, “संगणक बिघडला तं बिघडू दे, आई. गेम सीडीतच राह्यते.”

शब्द खरा होता. पण ऐकणारीने तो आपल्या मनाने ऐकला. खेळ माझ्यात होता, मात्र रूपरावांनी काढलेली चित्रं त्या संगणकाच्या पोटात साठवलेली होती. सुलोचनाबाईंनी बंद पडलेला संगणक भंगारवाल्याला दिला आणि मला देव्हाऱ्यात ठेवलं. रोज गंध, तुळशीचं पान. दर एकादशीला पितळेच्या देवांबरोबर मलाही चिंच लावून घासलं. किती मायेने घासायच्या! प्रत्येक वेळी माझ्या अंगावर नवा ओरखडा उठायचा. माझ्यात त्यांची चित्रं नाहीत हो, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार?

वर्षश्राद्धाला ज्योत्स्ना लॅपटॉप घेऊन आली.

“लाव वं हे,” सुलोचनाबाईंनी मला पदराने पुसलं. “तुह्या बाबाचा मृदंग पाहू दे एक डाव.”

मी आत गेले, किरकिरले आणि बाहेर आले. पुन्हा तेच.

“आई, आपला संगणक कुठी हाय?”

“देला ना भंगारात. तूच म्हणे, सीडीत राह्यते म्हून.”

 ज्योत्स्ना आईचा हात धरून म्हणाली, “माहीच चूक झाली, आई. मी पुरतं सांगतलंच नाई. बाबाचे चित्रं त्या डब्ब्यात होते.”

“मंग वर्षभर मी हात कोनाले जोडून राह्यली वं?”

 सुलोचनाबाईंनी कागद मागितला. लिहिण्याची सवय नसलेल्या बोटांत पेन्सिल धरून त्या मृदंग काढू लागल्या. मधलं खोड जमलं. एका तोंडाशी येऊन हात थांबला.

“मोठं तोंड कोन्या बाजूले काढलं होतं त्यायनं?”

ज्योत्स्नाला आठवेना. आणि माझ्यात तर ते चित्र कधी नव्हतंच.

मित्रांनो, कोणाच्या हातचं काही जपायचं असेल, तर ते नेमकं कुठे आहे, हे तो माणूस असतानाच विचारून ठेवा. आणि आपल्या आईला काही सांगाल तेव्हा घाईत अर्धं सांगून निघू नका. कागदावरचा तो अर्धाच राहिलेला मृदंग सुलोचनाबाईंनी अजून कोणालाही पुरा करू दिलेला नाही.