कार्ड नंबर ११४७

श्रीरंगने हे काम पत्करलं तेव्हा कझाक लोकांबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं, की ते कझाकस्तानात राहतात. तेही धड खरं नव्हतं. तुर्सिनबेक नावाचे एक कझाक संशोधक शेवटची दहा वर्षं जर्मनीत, बॉनमध्ये राहून तिथेच वारले होते, आणि मागे सहा हजार कार्डं ठेवून गेले होते.

कझाक माणसाला बापाकडच्या सात पूर्वजांची नावं तोंडपाठ हवीत, आणि सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही. तुर्सिनबेकांनी चाळीस वर्षं माळरानं तुडवून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून ती नावं उतरवून घेतली होती. एका माणसाचं एक कार्ड, त्यावर सात पूर्वज.

श्रीरंग पुण्याचा, बॉनमध्येच कॉम्प्युटरमध्ये पीएचडी करणारा. प्रोफेसरांनी कार्डं स्कॅन करायला सांगितली, तर त्याने नको तिथे अक्कल चालवली. दोन कार्डांवरची शेवटची दोन नावं जुळली, की एक कार्ड डबल. डबल कार्डाचं स्कॅन पुसायचं आणि कागद रद्दीच्या निळ्या डब्यात, पापिअरटोनमध्ये टाकायचा. एका झाडाच्या दोन फांद्या, म्हणजे एक फांदी जास्तीची, असा हा न्याय. सहा हजारांची चार हजार झाली. प्रोफेसरांना शेल्फ मोकळं मिळालं, त्यांनी पाठ थोपटली.

एप्रिल २००६ मध्ये तुर्सिनबेकांच्या पत्नी कुल्याशआपा आल्या, सोबत मुलाची मुलगी दाना. दानाला तिमूरशी लग्न करायचं होतं. तिमूरला पणजोबांपर्यंतचीच नावं येत होती. पुढची त्या पणजोबांच्या कार्डावर होती. आपांनी नवऱ्याची वही उघडून नंबर वाचला. अकराशे सत्तेचाळीस.

श्रीरंगने पुसलेल्या कार्डांची यादी काढली. ११४७: पुसलं, १२ चं डबल, जुळलेली नावं दोनच. आणि १२ नंबरचं कार्ड खुद्द तुर्सिनबेकांचं होतं.

म्हणजे दोन्ही घरं एकाच मूळपुरुषाची. दाना त्याच्याकडे एकटक बघत होती. सापडत नाही म्हणावं, तर लग्न निदान आज तरी मोडणार नाही. पण त्या म्हातारीसमोर खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. त्याने सगळं सांगून टाकलं, पापिअरटोनसकट.

"कितवं नाव जुळलं?" आपांनी विचारलं.

"सहावं आणि सातवं."

आपांनी बोटं मोजली. "सहावं ते तिमूरच्या पणजोबांचं. तिमूर तीन पिढ्या खाली, म्हणजे त्याचं नववं. दाना माझ्या नवऱ्याच्या दोन पिढ्या खाली, तिचं आठवं. सातच्या बाहेर आहे. लग्न होईल."

"गेनाऊ! बरोब्बर!" दाना ओरडली आणि रडायलाच लागली. श्रीरंगचा जीव भांड्यात पडला.

"आल्झो, तर मग, आता कार्ड करू," आपा म्हणाल्या. "यांच्या होणाऱ्या मुलांचं." पर्समधून त्यांनी कोरं कार्ड काढलं. तिमूर, त्याचे वडील, आजोबा, पणजोबा. आपांनी चार नावं लिहिली. मग पेन थांबलं.

"पुढची तीन त्याच कार्डावर होती ना, आपा?" श्रीरंगने हळूच विचारलं.

"हो."

"मग ती जागा कोरी ठेवू?"

"माझ्या नवऱ्याने कधी कोरी जागा ठेवली नाही. नाव गेलं असेल, तर कशाने गेलं ते तो लिहायचा. दुष्काळ. लढाई. तुरुंग." त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं. "लिही."

श्रीरंगने पाचव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. सहाव्या ओळीवरही. सातव्या ओळीवर अक्षर वाकडं झालं, तेव्हा आपा म्हणाल्या, "नीट लिही. मुलांना पाठ करायचं आहे."