आमदाराची खुर्ची

निवडणूक होती तोवर भैयाजींसारखा सुखी माणूस कोसंबखेड्यात दुसरा नव्हता. दर गुरुवारी ते आरमोरीहून साप्ताहिक घेऊन यायचे, दिवस कलताना तलावाच्या पारावर बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. ऐकायला चाळीस माणसं. कोणाच्या पेटीत किती चिठ्ठ्या पडल्या, कोणाची बैलगाडी नदीच्या रेतीत रुतली, मासेमारांचा सगळा ढिवरपुरा कान टवकारून ऐकायचा. मग एक उमेदवार निवडून आला, बाकीचे पडले, आणि पुढच्या गुरुवारी पारावर चौघं उरले. त्यातला एक झोपला होता.

"लोक मोह वेचाले गेले," मुखरू ढिवरानं समजूत घातली.

मोहाचं फूल पहाटे गळतं आणि साप्ताहिक संध्याकाळी वाचतात, एवढं भैयाजींना कळत होतं.

"खरं सांगू का जी?" मुखरू म्हणाला. "मत देल्लं, मानूस गेला नागपूरले. आता थो जानं अन् त्याची विधानसभा. आमाले काऊन सांगून राह्यले?"

भैयाजींना काळजी लागली ती इथे. मालगुजाराची जमीनदारी नुकतीच गेली होती. पिढ्यान्पिढ्या ढिवरांनी चांगली मासोळी मालगुजाराच्या घरी पोचवायची आणि उरलेल्या मासोळीवर आपलं घर चालवायचं, अशी रीत. आता तलाव सरकारचा झाला, आणि सरकारच्या घरी मासोळी कुठल्या दारानं न्यायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून कोणी नेत नव्हतं, आणि सगळे आनंदात होते. एकटे भैयाजी आनंदात नव्हते. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला एवढं नक्की माहीत असतं, की सरकारी कागद ढोल वाजवत येत नाही. तलावाचा निकाल कधीतरी बारीक अक्षरात छापून येणार, आणि त्या दिवशी पारावर माणसं बसलेली हवीत.

माणसं कशी बसवायची, हेही त्यांना माहीत होतं. मास्तर होण्याआधी ते दंडारीच्या खेळात राणीचं काम करायचे. त्यांची राणी रडली की पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावत.

पुढच्या गुरुवारी त्यांनी साप्ताहिक उघडलं. पहिल्या पानावर कसल्याशा विधेयकाचं दुसरं वाचन होतं. भैयाजींनी खाकरून सुरुवात केली, "आपला आमदार विधानसभेत गेला, तर त्याची खुर्चीच नाई! खरं हाय बरं, छापून आलं हाय."

झोपलेला उठून बसला.

"कोनं नेली?" पुढे बसलेल्या रुखमाबाईनं विचारलं. ही विधवा बाई एकट्या जाळ्यावर दोन पोरी पोसत होती. थट्टा तिला एरवी परवडत नसे.

"ते पुढच्या गुरुवारी छापतील, बाई."

खुर्ची सात गुरुवार सापडली नाही. मंत्र्याला सर्दी होती, तो प्रत्येक प्रश्नाला शिंकेनं उत्तर द्यायचा. पडलेल्या उमेदवाराची बायको राणीच्या आवाजात रडायची. उभ्यानं भाषणं करून आमदाराचे पाय सुजले. प्रत्येक थापेच्या आधी भैयाजी बोट वर करून म्हणायचे, "खरं हाय बरं!" आणि पार हसून लोटपोट व्हायचा. आता पन्नास माणसं येत होती. भैयाजींना थोडी लाज वाटे, पण लाज बाळगून चौघंच आले असते.

आठव्या गुरुवारी तो कागद आला. तिसऱ्या पानावर, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीखाली. गावांची यादी आणि त्यात कोसंबखेडा. तलावातल्या मासेमारीसाठी गावच्या दहा ढिवरांनी अंगठे करून येत्या सोमवारपर्यंत कचेरीत अर्ज द्यावा. न दिल्यास लिलाव.

भैयाजींनी तो साध्या आवाजात वाचला. हात थरथरत होते.

"आन् खुर्ची?" मुखरूनं विचारलं.

"खुर्ची राहू दे. हे ऐका. तलाव जाऊन राह्यला आपला. खरं हाय!"

पन्नास माणसं खदखदून हसली. रुखमाबाईही हसली. "हातबी कसा कापवते पाहा!" ती शेजारणीला म्हणाली.

शुक्रवारपासून भैयाजी दारोदार फिरले. मुखरूनं अंगठा हसत पुढे केला, "घ्या, पन पयले मंत्र्याची शिंक काढा." भैयाजी शिंकले. असे त्यांनी चार अंगठे मिळवले, चार शिंकांना चार. रुखमाबाईच्या दारात मात्र शिंक आलीच नाही, रडूच आलं. ती कौतुकानं म्हणाली, "राणीचा आवाज कायम हाय जी तुमचा. पन अंगठा नाई देत मी कोनाले. नवरा सांगून गेला हाय."

सोमवारी ते चार अंगठे घेऊन कचेरीत गेले. कारकून भला माणूस होता. त्यानं अंगठे दोनदा मोजले आणि कागद परत दिला.

पंधरा दिवसांनी लिलाव घेतलेल्या ठेकेदाराची माणसं आली. तलावाच्या काठाला त्यांनी लाल फडक्याची काठी रोवली आणि रुखमाबाईला जाळं काढून घ्यायला सांगितलं.

त्या गुरुवारी पारावर बसायला जागा नव्हती. एवढी माणसं निवडणुकीतही आली नव्हती. भैयाजींनी साप्ताहिक उघडलंच नाही. खिशातून घडी घालून ठेवलेलं ते जुनं पान काढलं आणि लोकांनी सांगितलं म्हणून पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा.

"सोमवार कोनता जी थो?" मुखरूनं विचारलं.

"गेला."

रुखमाबाई ओलं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. लुगड्यावर पाणी ठिबकत होतं.

"भैयाजी," ती हळूच म्हणाली, "हेबी तुमीच रचलं ना? खुर्चीवानी?"

सगळा पार त्यांच्या तोंडाकडे बघत होता. सात गुरुवार जे सहज जमलं होतं, ते आता एकदा जमावं असं भैयाजींना फार वाटलं. त्यांनी तोंड उघडलं. राणी आली नाही, मंत्रीही आला नाही.

"नाई, बाई," ते म्हणाले.

रुखमाबाई त्यांच्या हाताकडे बघत राहिली, न जाणो, ते बोट वर करतील म्हणून. मग तिनं जाळ्यात अडकलेलं शेवाळ एक एक करून काढायला घेतलं.