दोन साखरा

मी नाकावर माशी बसू देत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे आणि कामावर तर जास्तच. तेवीस वर्षं मी टाक्यांवर आहे. आमच्या टाक्यांत जिवाणू वाढतात. बाहेरचं एक जनुक त्यांच्यात घातलेलं असतं, त्यावरून ते तपासणीच्या किटला लागणारं एक प्रथिन बनवतात. पण आपणहून नाही. इशारा मिळेपर्यंत घरजावयासारखे नुसते खाऊन वाढतात. पुरेसे वाढले की टाकीत इंड्यूसर ओतायचा. तो इशारा मिळाला, की मग कामाला लागतात.

पूर्वी इंड्यूसर म्हणजे एक महागडी पूड असायची. यंदा व्यवस्थापकांनी ती बंद करून लॅक्टोज आणलं, म्हणजे दुधातली साखर. ते ओतायचं काम माझ्या धाकट्या जावेकडे होतं. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात, पण आमचं तसं नव्हतं. धाकटा दीर अचानक गेला, तेव्हा मीच शब्द टाकून तिला इथे लावलं होतं. महिनाअखेर ती कायम व्हायची होती. तेवढं झालं की तिला आणि तिच्या लेकीला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं.

आणि लागोपाठ दोन टाक्या वाया गेल्या. जिवाणू उदंड, प्रथिन नावालाही नाही. प्रथिन तपासायच्या जेलवर जिथे त्याची जाड पट्टी उमटायची, तिथे कोरं. इंड्यूसर ओतलाच नाही तर असं दिसतं. जावेच्या नोंदीच्या कागदावर मात्र वेळ आणि सही अगदी जागच्या जागी. आता लॅक्टोजच्या आणि पाण्याच्या बाटल्या एकाच फळीवर असतात, दिसतातही सारख्या, आणि वाफेत लेबलं पुसट होतात. मी लगेच ताडलं, बाईसाहेबांनी पाणी ओतलंय.

सगळ्यांसमोर मी तिला फैलावर घेतलं. लॅक्टोजच ओतलं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, नीट आठव. जेवताना विचारलं, घरी भांडी घासताना विचारलं, दोन्ही बाटल्या समोर धरून विचारलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच त्या बाटल्या उलटसुलट करून बघायला लागली. मग मी मोठेपणाने सल्ला दिला.

"पाणी ओतलं म्हणून लिहून दे आणि मोकळी हो. बाकी मी सांभाळते."

तिसरी टाकी मी स्वतः लावली, तिला शेजारी उभं करून. बघ, काम कसं करतात. सकाळी जिवाणू रेंगाळत होते, तेव्हा तिला फळीवरून बाटली आणायला पाठवून मी टाकीत थोडं ग्लुकोज जास्तीचं सोडलं. ही माझी जुनी सवय. त्याने वाढ पटकन होते आणि पाळी वेळेत संपते. कागदावर मी ते कधी लिहीत नाही. पुडीच्या काळात त्याने काही बिघडलंही नव्हतं. मग लेबल दोनदा वाचून लॅक्टोज ओतलं.

दुसऱ्या दिवशी जेल पाहिलं. कोरं.

टाकी उतरवताना काढलेल्या नमुन्यात मी साखर तपासायची पट्टी बुडवली. ग्लुकोज अजून शिल्लक होतं. मी तिथेच स्टुलावर बसले. आयतं ग्लुकोज पुढ्यात असेपर्यंत हे जिवाणू लॅक्टोजला तोंड लावत नाहीत, आणि लॅक्टोज पोटात गेल्याशिवाय त्यांना इशारा मिळत नाही. नव्यांना हे मीच शिकवते. आणि पहिल्या दोन टाक्यांतही जास्तीचं ग्लुकोज मीच सोडलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर आधी भीती वाटली.

तरी व्यवस्थापकांकडे गेले आणि तिन्ही टाक्यांचं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. माझी चौकशी होईल म्हणाले, मी बरं म्हटलं. मग त्यांनी खणातून जावेचं पत्र काढलं. तिने ते सकाळीच दिलं होतं. दोन्ही वेळा पाणी ओतलं, चूक माझी, खाली सही.

"हे अजून वर गेलेलं नाही," ते म्हणाले. "गेलं तर तुमच्या जाऊबाई कायम होत नाहीत. लॅक्टोजच ओतलं होतं असं त्यांनी उद्या लिहून दिलं, तर मी हे फाडतो. पण त्यांनीच लिहायला हवं. तुम्ही पडलात घरच्या."

संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी शेजारी बसून ग्लुकोजपासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं, माफी मागितली, कागद आणि पेन पुढे ठेवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हातातली घडी पूर्ण केली.

"पण ताई, मला आता आठवतच नाही. डोळे मिटले की हातात पाण्याचीच बाटली दिसते."

"अगं, ती मी घातली तुझ्या डोक्यात."

"तुम्ही माझ्यासाठी एवढं अंगावर घेताय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण जे आठवत नाही ते कसं लिहू? आधीच माझ्यामुळे दोन टाक्या गेल्या. आता वर खोटं नको."

तू लॅक्टोजच ओतलंस, असं मी पुन्हा म्हटलं, मग हात जोडून म्हटलं. तिने माझे हात खाली घेतले आणि रडू नका म्हणत माझीच समजूत काढत राहिली. कागद कोराच होता.