न हलणारा हात

बाबांचा उजवा हात गेला तेव्हा ते आरशांच्या दुकानात काच कापत होते. पट्टीला लावून काच कापायची हिरकणी ओढली आणि रेघ मध्येच वाकडी गेली. चाळीस वर्षांत त्यांची रेघ कधी वाकडी गेली नव्हती, म्हणून मालकालाच आधी शंका आली. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, तोवर तोंडही एका बाजूला ओढलं गेलं होतं.

दीड महिन्याने ते घरी आले. बोलणं सावकाश का होईना, पण परत आलं. पाय ओढत का होईना, काठीवर चालू लागले. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबकळत राहिला. घरात मुलगी एकटी. ती चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. सकाळी बाबांचं तोंड धुणं, अंघोळ, शर्टाची बटणं, मग कामावर, दुपारी धावत येऊन जेवण भरवायचं, परत कामावर. बाबांना डाव्या हाताने खायला जमायचं, पण निम्मं अंगावर सांडायचं.

अशात तिची शाळेतली मैत्रीण पिंजरा घेऊन आली. ती प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पिंजऱ्यात हिरवा पोपट होता, पण छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी. एका पायाचं बोट नव्हतं. कुणीतरी खोली सोडून जाताना त्याला मागे टाकून गेलं होतं. शेजारी सांगत होते, पोपट ओरडला की तो माणूस त्याला पट्टीने मारायचा. छातीची पिसं मात्र पोपटाने स्वतःच उपटली होती.

"दवाखान्यात दिवसभर कुत्री भुंकतात. घाबरूनच मरेल हा," मैत्रीण म्हणाली. "तुमच्याकडे शांतता आहे."

"शांतता नाही गं, आजारपण आहे," मुलगी म्हणाली. पण तिने पिंजरा ठेवून घेतला.

मैत्रिणीने सांगितलं तसं ती सगळं करत गेली. पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाकल्या. समोरून जायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हात वरून आणायचा नाही. मक्याचे दाणे, सफरचंदाची फोड, सूर्यफुलाच्या बिया वाटीत ठेवून ती लांब बसून वर्तमानपत्र वाचायची, मोठ्याने, त्याला आवाजाची सवय व्हावी म्हणून. दोन आठवड्यांनी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवू लागली. तो बाहेर यायचा नाही. वाटी बदलायला हात आत गेला की कोपऱ्यात अंग चोरून किंचाळायचा. एकदा तर बोट असं फोडलं की दोन टाके पडले.

"साहेबांची सेवा कमी पडतेय," बाबा म्हणाले.

"साहेब दोन झालेत घरात," ती म्हणाली आणि बोटाला पट्टी बांधून कामावर गेली.

एका दुपारी ती जेवण वाढायला आली तर पिंजरा रिकामा. खिडकी बंद होती. मग बाबांकडे लक्ष गेलं. ते उशीला टेकून बसले होते, चादरीवर उजवा हात उताणा पडला होता, आणि त्या तळव्यावर पोपट उभा होता. दुलईवर सांडलेले मक्याचे दाणे टिपत तो तिथवर आला असावा.

"हळू," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

ती दारातच थांबली. पोपट तिच्याकडे बघून उडाला आणि पिंजऱ्यात शिरला.

"त्याला न हलणारा हात हवा होता," बाबा म्हणाले. "माझ्याकडे आहे." कित्येक दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं.

त्यानंतर रोजच झालं. बाबा डाव्या हाताने उजव्या तळव्यात बिया ठेवायचे, डावा हात दुलईखाली लपवायचे आणि वाट बघायचे. पोपट तिथे खायचा, मग तिथेच एका पायावर डुलकी घ्यायचा. महिन्याभरात त्याच्या छातीवर करडी लव आली. मुलीच्या हातून मात्र त्याने एक दाणासुद्धा घेतला नाही. सफाई तिची, पाणी तिचं, टाकेही तिचेच. तिला थोडं वाईट वाटायचं, पण बाबा वेळेवर जेवत होते, रडत नव्हते, म्हणून ती गप्प बसली.

व्यायाम शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. बाबा त्यांना हेडबाई म्हणायचे. एके दिवशी जाताना त्यांनी मुलीला जिन्यात थांबवलं.

"मागच्या महिन्यात अंगठा हलत होता. आता काहीच नाही. असं सहसा होत नाही. पहिले सहा महिने महत्त्वाचे असतात, त्यातले चार गेले. तुम्ही रोज करून घेता ना?"

"घेते," ती म्हणाली. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर उठून त्यांची बोटं चोळू लागली. ती ओल्या कापडासारखी तिच्या हातात पडून राहायची.

पुढच्या आठवड्यात दुकानातली वीज गेली आणि मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. ती आली तेव्हा पोपट पिंजऱ्यात झोपला होता. बाबा दाराकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसले होते, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने नि दोन बोटांनी चादरीची किनार चिमटीत धरून ओढत होते. सावकाश, पण धरत होते. सोडत होते. पुन्हा धरत होते.

"बाबा."

हात एकदम पडला. तो आपोआप पडला नव्हता, त्यांनी पाडला होता, हे तिला स्पष्ट दिसलं.

"कधीपासून?"

बाबा तिच्याकडे वळले. मग सांगितलं. एकदा पोपट हातावर असताना अंगठा आपोआप उडाला. पोपट खिडकीच्या काचेवर जाऊन आपटला. दोन दिवस दाण्याला शिवला नाही, पुन्हा पिसं उपटायला लागला. तेव्हापासून त्यांनी हात हलवायचा नाही असं ठरवलं. हेडबाईंसमोरही नाही, कारण एकदा सवय लागली की हात ऐकत नाही.

"पाखरासाठी?" ती म्हणाली.

"काय करू हात घेऊन? मला आता काच कोण कापू देणार आहे?"

"आणि मी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रोज तुम्हाला अंघोळ मी घालते. बटणं मी लावते. तोंड मी पुसते. अजून दहा वर्षं लावीन, वीस वर्षं लावीन, माझी तक्रार नाही. पण तुम्हाला येत असताना? पहाटे उठून मी तुमची बोटं चोळते, आणि तुम्ही मुद्दाम मेल्यासारखी ठेवता?"

बाबांनी मान खाली घातली. "तुझं माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. खोटं बोलले असते तर तिला कमी लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी तिला दारात बसायला सांगितलं, तळव्यात बिया ठेवल्या आणि वाट बघितली. पोपट आला. दोन बिया खाल्ल्या. मग बाबांनी तिच्याकडे बघत अंगठा वळवला, बोटं वळवली, मूठ मिटायला घेतली. पोपटाने किंकाळी फोडून त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी चोच रुतवली आणि उडाला. कपाटाच्या वर जाऊन बसला, आणि तिथूनच छातीची नवी पिसं उपटायला लागला. ती खाली पडत होती. मुलगी उठली तसं बाबा म्हणाले, "राहू दे. जवळ नको जाऊ."

रात्री तो पिंजऱ्यात परतला, आणि तीन दिवस त्याने बाहेर पाऊल टाकलं नाही. चौथ्या दिवशी मैत्रीण त्याला घेऊन गेली. सोडवलेल्या पक्ष्यांसाठी एकाने गावाबाहेर मोठं जाळीघर केलं होतं, तिथे ठेवणार होती. निघताना तिने विचारलं, "काका, काही सांगायचंय?"

"त्याला माणसाच्या जवळ नका आणू," बाबा म्हणाले. "आता पुरे."

हेडबाई खूश झाल्या, मग कारण कळल्यावर रागावल्या. गेलेले दिवस भरून निघणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तसंच झालं. बाबांना चमचा धरता येऊ लागला, कपाचा कान धरता येऊ लागला. करंगळी आणि शेजारचं बोट कायमची मिटलेली राहिली.

हिवाळ्यात मैत्रिणीचा फोन आला. मुलीने ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. बाबा चमच्याने भात खात होते.

"कोण होतं?"

"मैत्रीण. पोपट गेला. थंडीने. छातीवर पिसं आलीच नाहीत पुन्हा."

बाबांनी चमचा ताटात ठेवला. ती त्यांच्या शेजारी बसली. भात निवला तसं तिने विचारलं, "भात गरम करून आणू?" आणि ते हो म्हणाले.